सुभेदार, तुम्ही एकोणसाठच म्हणाला होतात

सुभेदार, तुमचा तेरावा होऊन पाच दिवस झाले. पाहुणे पांगले, तुमचे दोन्ही मुलगे परतीच्या तिकिटांच्या गडबडीत आहेत, आणि मी मात्र रोज सकाळी दहाला तुमच्या फाटकाशी येऊन उभा राहतो. चार वर्षं पायांना तीच सवय लागली आहे, त्यांना कोण समजावणार? फाटकातून गाडी दिसते. ताडपत्रीखाली उभी आहे. काल धाकट्याने ताडपत्रीच्या गाठी सोडायचा प्रयत्न केला, त्याला त्या जमल्या नाहीत.

मला तुम्हाला एक गोष्ट सांगायची आहे. तुम्ही होतात तेव्हाच सांगायला हवी होती. दहा महिने माझ्या हातात होते, आणि त्यातले बहुतेक दिवस आपण एकाच गाडीच्या दोन बाजूंना उभे होतो. गाडीचं छत चुकीच्या जागी कापलं गेलं, ती चूक हरप्रसाद मिस्त्रीची नव्हती. माझी होती. तुम्ही त्याला बोललात, तो काम टाकून निघून गेला, लडाखला जायचा आपला जून हुकला, आणि पुढचा जून यायच्या आत तुम्हीच गेलात. झालं, सांगून टाकलं. पण तुम्हाला अहवाल पहिल्यापासून लागायचा, मधूनच सुरुवात केली की तुम्ही हात वर करून थांबवायचात. तेव्हा पहिल्यापासून सांगतो.

आपली ओळख गणपतीच्या आरतीला झाली. झाशीतल्या आम्हा जुन्या मराठी घरांचा आणि बबिन्याच्या छावणीत बदलून येणाऱ्या लष्करी कुटुंबांचा गणपती एकच. तुम्ही निवृत्त होऊन इथेच घर बांधलं होतं, हे मी ऐकून होतो. मी प्रसादाचं तबक पुढे करून म्हणालो, "आपण प्रसाद घ्यावा." तुम्ही मागे वळून पाहिलंत, डावीकडे पाहिलंत, आणि म्हणालात, "आपण म्हणजे कोण? मी एकटाच उभा आहे." सगळी बायकामंडळी हसली. मला राग आला होता, आज सांगायला हरकत नाही. आमच्या घरात वडीलधाऱ्याला 'आपण' म्हणतात. 'तुम्ही' म्हटलं की आमच्या कानाला त्यात हिंदीतलं 'तुम' ऐकू येतं, आणि एखाद्या परक्याला एकदम 'तुम' म्हणणं इकडे बरं दिसत नाही. हे मी तुम्हाला समजावायला गेलो, तर तुम्ही म्हणालात, "म्हणजे तुमची मराठी हिंदीला भिऊन बोलते." त्या वाक्यावर आपण चार वर्षं भांडलो. मला 'तुम्ही' म्हणायला सहा महिने लागले. आता मात्र बघा, एकदाही अडखळत नाही.

तुम्ही मला 'पंत' करून टाकलंत. ऑफिसात मी जन्मभर बाबूजी होतो. आमचे पूर्वज पेशव्यांच्या काळात कारभार बघायला इकडे आले, ती हकीकत मी तुम्हाला सांगितली तेव्हा माझी छाती जरा फुगली असावी, कारण तुम्ही लगेच टाचणी लावलीत. "म्हणजे तुमच्या घराण्याने अडीचशे वर्षांत एकदाच प्रवास केला, आणि मग जे बसलात ते बसलातच." खरं होतं ते. मी स्वतः ग्वाल्हेर, भोपाळ आणि एकदा लग्नाला नागपूर, याच्या पलीकडे गेलेलो नव्हतो. निवृत्तीनंतर तर लक्ष्मी गेटच्या घरातून बडा बाजारापर्यंत आणि परत, एवढाच माझा मुलूख उरला होता. बायको जाऊन सात वर्षं झालेली, सुनेच्या घरात मी नीट ठेवलेली अडगळ. तुम्ही मला सकाळी दहाला जायची एक जागा दिलीत, हे तुम्हाला कधी म्हटलं नाही, ते आज म्हणतो.

गाडीचं तुम्ही पहिल्यांदा सांगितलंत तेव्हा मी हसलो होतो. लष्कराच्या लिलावातून आणलेली, पत्र्याच्या बंद छताची जुनी जीप. मागचा भाग रिकामा, सांगाडा दणकट, इंजिन मात्र खोकत होतं. तुम्ही म्हणालात, ही आपण लडाखला न्यायची, आणि डांबरी सडकेने नाही, नदीतून, दगडांवरून, जिथे सडक संपते तिथून पुढे. मी विचारलं, नोकरीतली इतकी वर्षं तुम्ही तिथेच होतात ना, मग पुन्हा कशाला? तुम्ही पाना पुसत म्हणालात, "पंत, तिथे मी गाड्या दुरुस्त करत होतो. गाडीखाली उताणा पडून मी सगळं पाहिलं. ॲक्सल पाहिले, गिअरबॉक्स पाहिले, टपकणारं तेल पाहिलं. डोंगर पाहिला नाही. एक गाडी झाली की दुसरी उभी. आता मला तिथे उताणं पडून वर बघायचंय."

म्हणून छताला काच हवी होती. मागच्या भागाचं छत कापायचं, त्यावर हातभर उंच टोपी बसवायची, टोपीला काच, आणि काचेखाली झोपायची फळी. सगळी गाडी त्या काचेसाठी होती. बाकीचं सगळं, म्हणजे स्प्रिंगचे जाड पाटे, उंच चाकं, पाण्यातून जाताना इंजिनाला श्वास घेता यावा म्हणून छतापर्यंत नेलेली नळी, दुसरी बॅटरी, डिझेलचे डबे, हे तिथवर पोचण्यापुरतं. मी म्हणालो, "त्यापेक्षा गच्चीवर खाट टाका की." तुम्ही हसला नाहीत. त्यानंतर मीही हसलो नाही.

पहिली दोन वर्षं आपण काय काय केलं! इंजिन दोनदा उतरवलं. तुमच्या अंगणात माझ्यासारखा कारकून पहिल्यांदा गाडीखाली सरकला, आणि बाहेर आला तेव्हा तुम्ही वहिनींना हाक मारून दाखवलंत, "बघा, पंतांचा सदरा बाटला." सुमनवहिनी पदराने हात पुसत दारात आल्या आणि मला म्हणाल्या, "हा आमचा तिसरा. दोघं नोकरीला लागले, हा अजून दारात बसलाय. तुम्ही तरी त्याला मार्गी लावा." मागच्या भागातली स्टोव्हची जागा ठरली तेव्हा मी सहज बोलून गेलो की मुदपाक उजवीकडे हवा. आमच्याकडे स्वयंपाकघराला अजून मुदपाक म्हणतात. तुम्ही हातातला हातोडा खाली ठेवून पोटभर हसलात. मग खडूने त्या कोपऱ्यात 'मुदपाक' असं लिहिलंत आणि शेवटपर्यंत पुसू दिलं नाहीत.

पाण्याच्या टाकीवरून आपण भांडलो ते भांडण अजून मिटलेलं नाही. माझं म्हणणं, टाकी वर हवी, तोटी सोडली की पाणी आपलं आपण येईल. तुमचं म्हणणं, वर पाणी ठेवलं की उतारावर गाडी डुलते, टाकी खालीच. तुम्ही कागदावर बाण काढून मला समजावलंत, मी समजलो नाही असं दाखवलं. समजलो होतो. पण आपण आठवडाभर त्यावर वाद घालत चहा घेत होतो, ते मला सोडवत नव्हतं.

आणि बेतवा नदीचं पात्र! छत कापायच्या आधीच्या हिवाळ्यात तुम्ही गाडी तपासायला तिथे नेलीत. दगडांवरून ती अशी चढली की माझ्या तोंडून रामरक्षा सुरू झाली. मग रेतीत मागचं चाक रुतलं. मला वाटलं, आता तुम्ही चिडणार. तुम्ही खाली उतरून चाकाकडे पाहिलंत आणि तुमचा चेहरा उजळला. "आता कळेल गाडी कशी आहे." हवा कमी केलीत, चाकापुढे पत्रे सरकवलेत, आणि मला स्टिअरिंगवर बसवलंत. मला, ज्याने आयुष्यात स्कूटरशिवाय काही चालवलं नव्हतं! "हळू सोडा, पंत. गाडीला घाबरवू नका." गाडी वर आली. मी किती ओरडलो ते पलीकडे कपडे धुणाऱ्या बायकांनी अजून लक्षात ठेवलं असेल. त्या दिवशी परत येताना मी ठरवलं की मीही येणार लडाखला. त्याआधी मी फक्त हो हो म्हणत होतो.

आता छताचं.

पत्र्याच्या कामाला हरप्रसादला मीच आणलं. लक्ष्मी गेटबाहेर त्याचं दुकान, माझ्या लहानपणी त्याचे वडील आमच्या घरची बादली झाळायचे. त्याचा हात असा की जोड शोधून सापडायचा नाही. तुमची आणि त्याची जोडी जमली. तो तुम्हाला दद्दा म्हणायचा. तुम्ही त्याची काठाची रेष बघून एकदा म्हणालात, "आमच्या वर्कशॉपात हा असता तर मी निम्मा वेळ झोपलो असतो." हे त्याला मी हिंदीत सांगितलं तेव्हा तो लाजला होता.

मी हिंदीत सांगितलं, कारण तेच माझं काम होतं. तुमची हिंदी उत्तम, सगळ्या पलटणीत चाललेली. पण माप घेताना तुमच्या तोंडून आकडे मराठीतच यायचे. डोकं सांगाड्यात, टेप हातात, आणि आतून आवाज, "त्रेपन्न!" हरप्रसाद माझ्याकडे बघायचा. मी म्हणायचो, "तिरपन." तुम्ही म्हणालात, बरं झालं, पंतच आपले दुभाषी. मी खूश. अडीचशे वर्षं परमुलखात मराठी सांभाळल्याचं कुणीतरी काहीतरी चीज केलं असं मला वाटलं. मी एक वही आणली, तुम्ही ओरडायचात, मी ती मापं आकड्यांत लिहायचो आणि हरप्रसादला हिंदीत सांगायचो.

सुभेदार, मला मराठीत मोजता येत नाही.

हे एक वाक्य मला दहा महिन्यांत बोलता आलं नाही. घरी आम्ही मराठी बोललो, स्तोत्रं मराठीतून अर्थासकट पाठ केली, पण गणित शाळेत शिकलो आणि शाळा हिंदी. पाढे हिंदी, पगार हिंदी, घड्याळ हिंदी. मराठी आकडे मला तीसपर्यंत नीट येतात, तिथी आणि मुलाबाळांची वयं यांच्यापुरते, तेही नुसते पाठ म्हणून. पुढचे मी कानाने जुळवत जातो. त्रेपन्न म्हणजे तिरपन, अठ्ठेचाळीस म्हणजे अड़तालीस, आवाज जवळ असतो, निभावून जातं. आमच्यातले बरेच जण असेच निभावतात आणि कुणी बोलत नाही.

होळीच्या आधीचा आठवडा होता. हरप्रसाद छतावर बसलेला, हातात खडू. मी शेजारी स्टुलावर, वही उघडून. तुम्ही आत उताणे. छताच्या पत्र्याला आतून एक आडवी लोखंडी पट्टी आहे, दोन्ही बाजूंच्या खांबांना तीच धरून ठेवते. वरून ती दिसत नाही. तिच्या अलीकडे एक इंच सोडून कापायचं होतं. तुम्ही पुढून टेप लावलात आणि ओरडलात, "एकोणसाठ!"

मी ऐकलं, एक आणि साठ. माझ्या डोक्यात ते सरळ इकसठ झालं. मी वहीत इंग्रजी आकड्यांत एकसष्ट लिहिलं आणि हरप्रसादला म्हणालो, "इकसठ." त्याने खूण केली, यंत्र लावलं, आणि ठिणग्या उडायला लागल्या. तुम्ही तोवर बाहेर येऊन हात धूत होता.

तुकडा सुटून आत पडला तो पट्टीसकट पडला. तुम्ही धावत आलात. छताच्या दोन्ही कडा सैल होऊन किंचित बाहेर झुकल्या होत्या, ते मलाही दिसलं. "अरे, एकोणसाठ म्हणालो होतो ना मी!" तुम्ही मराठीतच ओरडलात. मग हिंदीत हरप्रसादला, "कितने पे काटा?" तो म्हणाला, "इकसठ पे, दद्दा. बाबूजी ने इकसठ कई ती."

तुम्ही त्याला लगेच काही बोलला नाहीत. हे महत्त्वाचं आहे, म्हणून सावकाश लिहितो. तुम्ही आधी माझ्याकडे वळलात आणि शांतपणे विचारलंत, "पंत, वहीत काय आहे?"

मी वही उघडली. माझ्याच अक्षरात एकसष्ट होतं. त्या क्षणी मला तुमच्या शब्दाचा अर्थ कळला, साठाला एक कमी. आयुष्यात पहिल्यांदा कळला, आणि कळल्याबरोबर मी तो खोटं बोलायला वापरला. "एकोणसाठ," मी वाचलं. वही मिटली.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. "कान में रुई डाल के बैठे थे क्या? हमारे वर्कशॉप में ऐसे आदमी को हम औजार छूने नहीं देते थे." हरप्रसादने माझ्याकडे पाहिलं. एकदाच. मी मुदपाकाच्या कोपऱ्याकडे बघत राहिलो. त्याने आपलं सामान गोळा केलं, वेल्डिंगच्या होल्डरची वायर हातावर गुंडाळली, "राम राम, दद्दा" म्हणाला आणि गेला. तुम्ही दुसऱ्या दिवशी वाट पाहिलीत, तिसऱ्या दिवशी पाहिलीत. मी म्हणालो, "जाऊ द्या हो, दुसरा बघू."

दुसरा मिळाला नाही. दुसऱ्याने अर्धवट कापलेल्या छताला हात लावायला कुणी तयार होईना. मग तुम्ही स्वतःच वेल्डिंगला बसलात, एका डोळ्याचं ऑपरेशन झालेलं असताना. पातळ पत्रा तापून मुडपला. पुन्हा कापला, पुन्हा जोडला. माणिक चौकात रबराच्या पट्ट्या शोधत आपण किती हिंडलो, एका कोपऱ्यात तरी बोट जाईल एवढी फट राहायचीच. जून आला आणि गेला. वहिनींनी बांधून ठेवलेले लाडू आपण अंगणात बसून खाल्ले. कशीबशी काच बसली तेव्हा तिकडे थंडी उतरायला लागली होती. तुम्ही कॅलेंडर पाहिलंत आणि म्हणालात, "पुढच्या जूनला. गाडी काही पळून जात नाही."

मी सांगायचं ठरवलं नाही असं नाही. एकदा तर पूर्ण तयारीने आलो होतो. दिवाळीच्या आधी, तुम्ही ताडपत्री बांधत होता. मी तोंड उघडायच्या आत तुम्हीच म्हणालात, "पंत, मी हरप्रसादला जरा जास्तच बोललो का हो?" समोर दार उघडं होतं, मला फक्त आत पाऊल टाकायचं होतं. मी म्हणालो, "छे, चूक त्याचीच होती." तुम्ही गाठ आवळलीत. "मी आधी वही विचारली होती ना?" मी हो म्हणालो. "मग ठीक आहे. न विचारता बोललो असतो तर मला झोप लागली नसती."

मला वाटायचं, मी तुमची सहल बुडवली, हेच माझं पाप. तसं नाही ते. तुम्ही नोकरीत कुठल्याही मेकॅनिकला चौकशीशिवाय दोष दिला नव्हता, हे तुमचे जुने सोबती मला सांगायचे. तुम्ही इथेही चौकशी केलीत. ती चौकशी मी खोटी केली, आणि एका चांगल्या कारागिराच्या मनात तुम्हाला अन्यायी करून ठेवलं. हे मला तुमच्या अंत्ययात्रेत कळलं. इकडे तिला मट्टी म्हणतात, आम्ही मराठी माणसंही तेच म्हणतो. तुमच्या मट्टीला बबिन्याहून लोक आले, भाजीवाला आला, बेतव्यावरच्या चहाच्या टपरीवाला आला. वहिनींनी मला दोनदा विचारलं, हरप्रसाद दिसत नाही? मी म्हणालो, त्याला कळलं नसेल. हेही खोटंच. त्याच्या दुकानावरूनच तर यात्रा गेली.

काल मी वहिनींना सगळं सांगितलं. मुलं गाडी काढून टाकायचं म्हणत होती आणि त्या मला विचारत होत्या, तुम्ही काय म्हणता? मला राहवलं नाही. एकोणसाठ, इकसठ, वही, सगळं. त्या तांदूळ निवडत होत्या. त्यांचे हात थांबले. त्या म्हणाल्या, "म्हणजे त्या जूनला हे गेले असते."

मी हो म्हणालो.

"बघून आले असते."

"हो, वहिनी."

मला वाटलं, त्या रडतील किंवा मला घालवून देतील. मी दोन्हींची तयारी ठेवली होती. त्या म्हणाल्या, "तुम्हाला येत नव्हतं, तर विचारायचं होतं. ह्यांनी शिकवलं असतं. हसले असते आधी, पण शिकवलं असतं." मग ताट बाजूला सारून त्या उठल्या. "मला सांगून काय उपयोग? मला कुठे कोणी कानात रुई घातलीस का म्हणून विचारलं होतं? जा, हरप्रसादला सांगा."

म्हणून आज मी फाटकाशी थांबलो नाही. वही घेतली आणि सरळ त्याच्या दुकानात गेलो. तो एक लोखंडी जाळी घासत होता. मला बघून त्याने जुन्या रिवाजाने स्टूल पुसलं आणि तो पुन्हा जाळीकडे वळला. मी उभ्या उभ्याच म्हणालो, "हरप्रसाद, उस दिन गलती मेरी थी. उन्होंने उनसठ कहा था, मैंने तुम्हें इकसठ बताया."

"हमें मालूम है, बाबूजी," तो जाळी घासतच म्हणाला. "कान हमाए ठीक हैं. आपने इकसठ कई, हमने इकसठ पे काटो. गलती तो सबसें होत. हमें आपकी बात बुरी नईं लगी."

मी म्हटलं, मग?

त्याने घासणं थांबवलं. "हमें दद्दा की बात बुरी लगी. आप दोई जने अपनी बोली में बतियाए, और फिर हमें दोष दे दओ. हमने सोची, दद्दा सब जानत हैं, पर अपनी बोली वाले को बचा रए. इतने दिन संगे काम करो, एक बेर हमाए सामने आपसें पूछ तो लेते."

सुभेदार, मला तोपर्यंत हे सुचलंच नव्हतं. त्याला मराठी येत नाही. त्या दिवशी आपण काय बोललो ते त्याला कळलंच नव्हतं. दहा महिने तो असं धरून चालला होता की आपण दोघांनी त्याच्यासमोर, त्याला न कळणाऱ्या भाषेत, संगनमत केलं.

मी वही उघडून त्याच्यापुढे धरली, एकसष्टवर बोट ठेवलं. "उन्होंने पूछा था, हरप्रसाद. तुम्हें कुछ कहने से पहले मुझसे पूछा था, मराठी में. कि कापी में क्या लिखा है. यहाँ यह लिखा था. मैंने उन्हें झूठ पढ़कर सुनाया."

त्याने आकड्यावरून बोट फिरवलं. बाहेरून टेम्पो जात होता, त्या आवाजात हरप्रसादने काही विचारलं ते मला ऐकू आलं नाही. टेम्पो गेल्यावर त्याने पुन्हा विचारलं.

"दद्दा ने पूछी हती?"

"हाँ. सबसे पहले पूछा था."

हरप्रसादने हातातली कानस खाली ठेवली. माझ्यासाठी पुसलेल्या स्टुलावर तोच बसला. गमछा तोंडाशी नेला आणि तसाच धरून ठेवला.

"बाबूजी," तो म्हणाला, "हम तो उनकी मट्टी में भी नईं आए."